वेगळा डबा

स्मरणिका समितीने आमच्याकडे शाळेच्या सहलींच्या आठवणी मागितल्या. गेल्या बावीस वर्षांत या शाळेच्या मुलामुलींना घेऊन आम्ही अजिंठा, वेरूळ, महाड, नागपूर, सांची, बुद्धगया अशी पुष्कळ भ्रमंती केली. लेण्यांविषयी आणि स्तूपांविषयी लिहिणारे आपल्यात अनेक आहेत. आम्हांस मात्र या प्रवासांत सतत सोबत असलेल्या एका स्टीलच्या डब्याविषयी लिहावयाचे आहे. ज्या विद्यार्थिनीचा तो डबा, तिची व तिच्या आईची अनुमती घेतली आहे. तिचे नाव येथे लिहीत नाही. तिच्या वर्गसोबत्यांना ते सांगण्याची गरजही नाही.

२०१४ च्या जूनमध्ये ही मुलगी पाचवीत, वसतिगृहात दाखल झाली. आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जाणारे. प्रवेशाच्या दिवशी आईने पत्र्याच्या पेटीतून घडी घातलेला एक कागद काढून आमच्या हाती दिला आणि म्हणाली, "बाई, हिला शेंगदाणा चालत न्हाई. पोटात गेला तर पोर हाती लागायची न्हाई." कागद सरकारी रुग्णालयाचा होता. मुलगी दोन वर्षांची असताना शेजारणीने प्रेमाने दिलेल्या लाडवाचा एक घास तिने खाल्ला होता. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वासाची घरघर सुरू झाली. गावात कोणी बाहेरचे लागल्याचे बोलले, कोणी भगताचे नाव सुचविले. स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माउलीने कोणाचेही न ऐकता दिराची मोटारसायकल काढायला लावली आणि पोर वाचली. अंधश्रद्धा निर्मूलनावर आम्ही वर्गात पुष्कळ बोलतो. त्या दिवशी पेटीवर बसलेल्या त्या बाईसमोर आम्हांस फार बोलावेसे वाटले नाही.

ॲलर्जी हा शब्द आपल्याकडे इतका सैल झाला आहे की, शिंका आल्या तरी ॲलर्जी आणि पावडर चोळून खाज आली तरी ॲलर्जी. येथे प्रकार निराळा. शरीराची संरक्षणव्यवस्था शेंगदाण्यातील प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर सर्व शक्तीनिशी तुटून पडते. त्या युद्धात घसा आणि श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळतो, काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. कणभर दाणाही पुरतो. भाजल्याने, तळल्याने, उकळल्याने हा गुण जात नाही. हात नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने नव्हे, तर साबण लावून धुतले तरच स्वच्छ होतात. हे सर्व तिच्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हांस बसवून समजावले.

आता मराठी स्वयंपाकघराकडे पाहावे. पालेभाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट. पोह्यांत दाणे, चिवड्यात दाणे, ठेच्यात दाणे. रस्सा पातळ झाला की मूठभर कूट. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याची गंमत वाटते. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय दर्यावर्दींच्या मागोमाग तो इकडे आला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद तिकडचाच, बटाटा तिकडचा आणि मिरचीही. म्हणजे परंपरेने पवित्र मानलेले उपवासाचे ताट जवळजवळ सारेच परदेशी! ही गंमत बाजूला ठेवली तरी एक व्यावहारिक अडचण उरते. अशोक विजयादशमीला आपण नागपूरला निघतो ते नवरात्र संपता संपता. त्या दिवसांत वाटेवरील प्रत्येक उपाहारगृहात साबुदाणावडा तळला जात असतो आणि बटाटावडा त्याच कढईत पडतो. ज्या बटाटेवड्यात दाणा नाही, तोही या मुलीला विष.

प्रथम प्रश्न आला तो वसतिगृहाच्या भोजनगृहाचा. डॉक्टरांनी सुचविले होते की, तिचे ताट, वाटी, पेला आणि शिजविण्याचे पातेले वेगळे ठेवावे. शिक्षकांच्या बैठकीत हे वाचून दाखविले तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारी उठून उभेच राहिले. त्यांच्या वडिलांना गावच्या हॉटेलात चहा मिळे तो बाहेर वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपात, आणि पिऊन झाल्यावर तो कप त्यांनाच विसळून ठेवावा लागे. "या शाळेत एका लेकराचं भांडं वेगळं?" एवढेच ते म्हणाले आणि खाली बसले. बराच वेळ कोणी बोलले नाही. जी शाळा सर्वांनी एका पंगतीत बसावे म्हणून उभी राहिली, तिच्यात वेगळे भांडे हा शब्द नुसता शब्द नसतो.

दुसऱ्या एका सहकाऱ्यांनी त्याच बैठकीत निराळी सूचना केली : मुलीला सहलींना नेऊच नये, उगाच जोखीम नको. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघालेल्या लहानग्या भीमरावांचा प्रवास आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत तो लिहून ठेवला आहे. सोबत जेवणाचा डबा होता, पाणी मात्र कोणी दिले नाही. म्हणून भरल्या डब्यासह मुले उपाशी झोपली. हा धडा शिकविणाऱ्या शाळेने एका मुलीला तिच्या पोटातील दोषासाठी घरी बसवायचे? आम्ही स्पष्ट नकार दिला. ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही आम्ही एवढेच विचारले की, त्या कपाने कोणाचा जीव वाचत होता? तो वेगळा कप देणाऱ्याच्या मनातील विटाळासाठी होता. हे वेगळे पातेले घेणारीच्या श्वासासाठी आहे. दोन्ही पितळेचीच असली तरी एक नव्हेत.

निर्णय मात्र सुचविला तो स्वयंपाकीण मावशींनी. त्या म्हणाल्या, "पातेलं कशाला येगळं करता? दाणाच बंद करू की." डॉक्टरांकडून तिला काय चालते याची खात्री करून घेतली आणि वसतिगृहात कुटाच्या जागी कारळ, जवस, सुके खोबरे आणि भाजक्या डाळ्याचे कूट आले. पहिले काही महिने मुलांनी कुरकूर केली. साबुदाणा खिचडी गेली याचे दुःख आजही काही माजी विद्यार्थी बोलून दाखवितात. पण भांडे वेगळे झाले नाही.

शाळेच्या भिंतीबाहेर हा उपाय चालत नाही. रस्त्यावरच्या साऱ्या जगाला दाणा बंद करता येत नाही. म्हणून सहलीसाठी डबा आला. आमचा नियम ठरला : डबा वेगळा, पंगत तीच. ती सर्वांमध्ये बसे, मध्यावर बसे, कडेला नव्हे. फक्त तिच्या पुढ्यात डबा असे. दशम्या, भाकरी, उकडलेली अंडी सालासकट, केळी, मोसंबी. ज्याला स्वतःचे साल आहे असे अन्न प्रवासात सर्वांत प्रामाणिक, हे आम्ही तिच्यामुळे शिकलो.

डब्याबरोबर एक लहान कापडी पिशवीही असे. तीत ॲड्रेनॅलिनच्या दोन कुप्या, सुया, आणि मात्रा लिहिलेला डॉक्टरांचा कागद. परदेशात यासाठी पेनासारखे तयार साधन मिळते. आम्हांस ते तालुक्याच्या औषध दुकानात मिळाले नाही. तेव्हा डॉक्टरांनी वसतिगृहाच्या अधीक्षिका, मावशी आणि आम्ही अशा तिघांना इंजेक्शन भरावयास व टोचावयास शिकविले. सराव केला तो मोसंबीवर. मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत, गरज पडल्यास कपड्यांवरूनच. गांधींवर ज्या गोळ्या आपण घेतो त्या अशा वेळी जीव वाचवीत नाहीत. त्यांच्या भरवशावर थांबू नये, आधी सुई आणि मग १०८ ला फोन, हे त्यांनी आमच्याकडून तीनतीनदा वदवून घेतले. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, श्वास घेणे जड जात असेल तर बसू द्यावे, परंतु उठवून चालवू नये, हेही. पिशवी बसच्या टपावरील सामानात कधीही जात नसे. उन्हात तापणारी जागाही तिला वर्ज्य होती. ती तिघांपैकी एकाच्या खांद्यावर असे.

बाहेर विचारावे कसे, ही एक कलाच आहे. "यात शेंगदाणा आहे का?" असे विचारले की वाढपी समोरच्याला बरे वाटावे म्हणून "नाही" म्हणतो. म्हणून आम्ही थेट स्वयंपाक करणाऱ्याकडे जाऊन विचारीत असू : भाजीत काय काय घातले, घट्टपणा कशाने आला, फोडणी कोणत्या तेलाची, आधी या कढईत काय तळले. लाकडी घाण्याच्या तेलात दाण्याचे प्रथिन उरते. तेव्हा ज्याची जाहिरात आरोग्यदायी म्हणून होते तेच तेल हिच्यासाठी अधिक घातक. ॲलर्जी हा शब्द आम्ही वापरतच नसू. "हे पोटात गेले तर मुलीचा श्वास बंद होतो" असे म्हटले की माणूस हातातील झारा खाली ठेवून ऐकतो.

शिवाय दाण्याचे नाव प्रांतागणिक बदलते. विदर्भात शिरलो की फल्ली म्हणून विचारावे, हैदराबादकडे पल्ली, हिंदी मुलखात मूंगफली. बिहारमध्ये याला चिनिया बादाम म्हणतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याने मूंगफली नसल्याचे सांगितलेला पदार्थ निर्धास्तपणे खाल्ला असता. तिच्यासाठी आम्ही पुठ्ठ्यावर मराठी व हिंदीत एक मजकूर लिहून घेतला होता आणि खाली ही सारी नावे. सातवीपर्यंत ते कार्ड आम्ही दाखवीत असू, पुढे ती स्वतः दाखवू लागली.

२०१६ साली धम्मदीक्षेला साठ वर्षे झाली, त्या वर्षी एसटीच्या प्रासंगिक करारावर बस घेऊन आम्ही नागपूरला गेलो. दीक्षाभूमीच्या परिसरात त्या दिवसांत किती ठिकाणी भोजनदान चालते, हे वाचकांस सांगावयास नको. कोठून कोठून आलेली, पायांना फोड आलेली माणसे, आणि त्यांना हाताला धरून "बसा, जेवून जा" म्हणणारी माणसे. अशा एका ठिकाणी आमची मुले पंगतीला बसली आणि या मुलीने डबा उघडला. भात वाढीत येणाऱ्या एक वृद्ध बाई तिच्यापाशी थबकल्या. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "काहून वं पोरी, आमच्या हातचं नाही चालत का?"

हा प्रश्न ज्या पिढ्यांनी आयुष्यभर सोसला, त्यांच्या तोंडून तो येतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या घशात घास अडकतो. आम्ही उत्तर देण्यास सरसावलो, पण मुलगी आधीच उठली होती. तिने त्यांचा हात धरला, कार्ड दाखविले, मग आजींना वाचता येत नाही हे ध्यानात येताच सरळ सांगितले, "आजी, तुमच्या हातचं चालतं. फल्ली नाही चालत. खाल्ली तर मला श्वास घेता येत नाही." आजींनी हातातील पातेले खाली ठेवले. वांग्याच्या भाजीत कूट होते आणि भाताच्या पातेल्यात तोच डाव फिरला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितले. "मंग नको खाऊ बापा," असे म्हणत त्या गेल्या आणि ओच्यात चार केळी घेऊन आल्या. ती तिने त्यांच्यासमोरच सोलून खाल्ली. दान नाकारणे आणि पदार्थ नाकारणे या दोन गोष्टी आपल्या समाजात सहज एक होऊन बसतात. लग्नसमारंभांत तर यजमान अजूनही रुसतात. बारा वर्षांच्या मुलीने त्या वेगळ्या केल्या, तेव्हा त्या पंगतीत तिचे फारसे कोणाला कौतुकही वाटले नाही. वाढप पुढे चालू राहिले.

परतीच्या वाटेवर बस बिघडली. दुरुस्तीत पाच तास गेले, डब्यातील अन्न संपले. रात्री एका ढाब्यावर थांबलो. नेहमीप्रमाणे आत जाऊन चौकशी केली. मालक सज्जन होता, भात आमच्यासमोर नव्या पातेल्यात शिजवून दिला. दही मडक्यातून काढून दिले. भातात दाणा नव्हता, दह्यातही नव्हता. दही काढण्यासाठी पोऱ्याने जो चमचा उचलला तो कोशिंबिरीतून आला होता. तिसऱ्या घासाला मुलगी म्हणाली, "ओठ चुणचुणतायत." पाठोपाठ खोकला आणि मानेवर गांधी. अधीक्षिकांनी पिशवी उघडली, आम्ही तिला बाकावर निजविले, सुई दिली गेली. भोवती जमलेल्यांपैकी कोणी कांदा हुंगवा म्हणत होते, कोणी ताक पाजा. मुलांनी त्यांना हळूच मागे सारले. ही गोष्ट आम्ही त्यांना शिकविलेली नव्हती. १०८ ची गाडी येईपर्यंत तिचा श्वास मोकळा होत आला होता. तरीही रुग्णालयात तिला रात्रभर ठेवून घेतले, कारण काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो.

रात्री आईला फोन केला. मुकादमाची गाडी ठरली होती, तिची फडावर जाण्याची बांधाबांध चालली होती. तिने विचारले, "सुई दिली का?" दिली म्हटले. "किती येळानं?" लगेच म्हटले. "मग झोपू द्या तिला," असे म्हणून तिने फोन ठेवला.

पहाटे ढाब्याचा मालक त्या पोऱ्याला घेऊन रुग्णालयाच्या दारात उभा होता. पोऱ्या पंधरा-सोळा वर्षांचा असेल, रडून डोळे सुजलेले. चुंद कर्मारपुत्राची कथा आपण जाणतो : तथागतांनी शेवटचे भोजन त्याच्या घरी घेतले आणि त्यानंतर आजार बळावला. चुंदाला पश्चात्तापाने जळावे लागू नये म्हणून त्याला काय सांगावे, हे त्यांनी आनंदाला सांगून ठेवले. महापरिनिब्बान सुत्तातील हा प्रसंग आम्ही अनेकदा वाचला होता. त्या पहाटे पोऱ्याला आम्ही आत नेले. मुलीने त्याला आपले कार्ड दिले आणि ढाब्यात लावायला सांगितले. लावले की नाही हे पाहण्यास आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो नाही. आमच्या कार्डावर मात्र त्यानंतर एक ओळ वाढली : चमचा, डाव, झारा धुतलेला हवा.

२०१८ च्या हिवाळ्यात बुद्धगयेला गेलो तेव्हा ती नववीत होती. गाडीच्या डब्यात टाइमपास म्हणून दाणे विकणारे दर स्थानकावर चढत. फोलपटे आसनांवर, खिडकीत, सर्वत्र. केवळ वासाने धोका नसतो. दाणा लागलेला हात तोंडाला जाऊ नये, एवढे पाळावे लागते. तिने आपली जागा ओल्या फडक्याने पुसून घेतली, साबणाची वडी जवळ ठेवली आणि शेजारच्या कुटुंबाला स्वतःच सारे समजावले. एका गृहस्थाने पुडी गुंडाळून खिशात घातली. दुसरे हसले आणि खात राहिले. ती वरच्या आसनावर जाऊन वाचीत पडली. बुद्धगयेत उतरलो तेथील धर्मशाळेने आमच्या मावशींना चूल वापरू दिली. त्या भागात फोडणी मोहरीच्या तेलाची, हा एक दिलासा होता. तरी मावशींनी आपली कढई महाराष्ट्रातून नेली होतीच.

ती दहावी झाली त्याच वर्षी, २०२० साली, अन्नपदार्थांच्या वेष्टनांविषयीचे नवे केंद्रीय नियम आले. शेंगदाणा, अंडी, दूध, मासे, सोयाबीन, गहू इत्यादी घटक असतील तर ते वेष्टनावर स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे. दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनाही ॲलर्जीची माहिती ग्राहकास द्यावी लागते. पालकांनी पुडा घेताना घटकांची यादी आणि तिच्याखालची ती बारीक ओळ अवश्य वाचावी. एकदा वाचले म्हणून पुढच्या खेपेस सोडू नये, उत्पादक घटक बदलतात. सुट्या फरसाणाला मात्र वेष्टनही नसते आणि आपल्या रस्त्यावरच्या ढाब्याला दहा शाखाही नसतात. तेथे आत जाऊन विचारणे हाच कायदा.

ती आता परिचर्येचे शिक्षण घेत आहे. तिचा डबा तिच्याजवळ आहे. पिशवी नवी शिवून घेतली असे तिने कळविले. वसतिगृहात आज शेंगदाणा न चालणारा आणखी एक मुलगा आहे आणि अंडे न चालणारी एक लहान मुलगी. मावशी निवृत्त झाल्या, तरी दाणा अद्याप भोजनगृहात आलेला नाही.

महोत्सवाच्या मेळाव्याला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांस म्हणून एक विनंती. कोणी लोणावळ्याची चिक्की आणतो, कोणी सोलापूरची शेंगाचटणी, हे आम्ही जाणतो आणि ती आम्हांसही आवडते. कृपया ती भोजनगृहात नेऊ नये, मुलांच्या हातीही देऊ नये. कार्यालयात झाकणाची पेटी ठेवली आहे, तीत द्यावी. भोजनगृहाच्या दारापाशी साबण आणि नळ आहेत. आत येण्यापूर्वी हात धुवावेत.